पुरणपोळीवर काय ओतायचं

यवतमाळ शहरातल्या आमच्या घरी पुरणाची पोळी तुपासोबत खातात. तूप म्हणजे वरून सोडलेला चमचा नव्हे. पोळी जाडजूड, कणकेहून पुरण जास्त. तिला मधोमध बोटाने खळगा करायचा आणि तो तुपाने भरायचा. ताटात तुपाची वाटी वेगळी असतेच. माझ्या नणंदेचं सासर उमरखेड तालुक्यातलं, पैनगंगेच्या बाजूचं. नदी ओलांडली की मराठवाडा. त्यांच्या घरी पोळी गुळवणीत कुस्करतात. गुळाचं पाणी उकळायचं, त्याला तुपात भाजलेली कणीक किंवा वाटलेली खसखस लावायची, वर विलायची आणि जायफळ. जिल्हा एकच, पोळी एकच, पण तिच्यावर ओतायचं काय याबद्दल दोन्ही घरं आपापल्या मतावर पक्की.

यंदा पोळ्याला नणंदबाई आमच्याकडे होत्या आणि लेक पुण्याहून आली होती. लेक नागपुरात हॉटेल मॅनेजमेंट शिकली. आता पुण्यात एका बेकरीत गोड पदार्थांचं काम बघते. दुसऱ्या दिवशी पोळ्या उरल्या होत्या आणि तूप सरत आलं होतं. लेकीने जाड बुडाचा गंज गॅसवर ठेवला, त्यात साखर ओतली आणि पाण्याचा थेंबही घातला नाही. तिथून आत्या-भाचीचं जे सुरू झालं, ते मी जमेल तसं उतरवून ठेवलं आहे. आपल्याकडे पक्वान्नांवर पुष्कळ बोलतात, पण त्यांच्यावर ओतायच्या पातळ गोडावर इतक्या नेमकेपणाने कुणी बोलत नाही.

आत्या : साखर जाळून राहिली का व तू?

लेक : जाळत नाही, आत्या. वितळवते आहे. रंग आला की गॅस बंद. मग कोमट साय, लोणी, चिमूटभर मीठ. पोळीचे तुकडे तव्यावर कुरकुरीत करायचे आणि हे वरून सोडायचं.

आत्या : रंगच पाहिजे तर गूळ घे ना. पांढरी करायला कारखान्यात एवढी खटपट केली त्या साखरेची, आणि तू घरी आणून तिला पुन्हा काळी करणार.

लेक : ती काळी होताना जे घडतं ते गुळात नाही. साखर १६० अंशांच्या पुढे गेली की नुसती वितळत नाही, तुटते. तिच्यातून कितीतरी नवी द्रव्यं तयार होतात. काही कडवट, काही आंबूस, काही लोण्याच्या वासाची. गोडी उतरते आणि चव चढते. पुरण आधीच गोड आहे. त्यावर तू गुळाचं पाणी घालणार म्हणजे गोडावर गोड.

आत्या : म्हणून तर जायफळ असतं. म्हणून मीठ असतं. आणि गुळवणी करायची असली की पुरणात गूळ जरा हात राखून घालायचा, हे तुझ्या शाळेत शिकवलं नाही का?

लेकीचं रसायन बरोबर आहे. कडवटपणाची किनार असलेलं गोड जास्त खाल्लं जातं हेही खरं. पण नणंदबाईंचं शेवटचं वाक्य मला जास्त मोलाचं वाटतं. पोळीत किती गोड आणि वाटीत किती गोड, हे दोन्ही एकाच हाताने ठरवलं तर वरचं पातळ गोड पोळीचाच भाग होतं. बेकरीत-हॉटेलात ते वेगळं शिजतं, वेगळं साठवलं जातं आणि शेवटी कशावरही ओतलं जातं. घरी स्वयंपाक करणाऱ्या बाईला हे सामंजस्य फुकट मिळतं, आणि तिने ते सोडू नये असं माझं ठाम मत आहे.

तोवर गंजात साखरेचे खडे धरले होते. कडेने सोनेरी पाणी आणि मधे पांढरे ढेकूळ.

आत्या : सराट्याने ढवळ.

लेक : ढवळायचंच नाही. ढवळलं की कडेचे कोरडे दाणे आत पडतात, आणि एक दाणा पडला की त्याच्याभोवती बाकीची साखर पुन्हा दाणे धरते. गंज नुसता हातात धरून फिरवायचा.

आत्या : आणि तरी धरलेच खडे, तर?

लेक : तर आच कमी करून वाट बघायची. नाहीतर पाणी घालून पहिल्यापासून.

आत्या : लिंबू पिळ दोन थेंब. आमच्याकडे पाकाला साखर येऊ नये म्हणून लिंबूच पिळतात.

लेक : ते पाण्याच्या पाकात. कोरड्या साखरेत नाही चालत. पण तू म्हणतेस ते अगदी बरोबर आहे. आंबट घालून उकळलं की साखरेचे दोन तुकडे होतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. दोन्ही एकमेकांत मिसळलेले असले की दाणा जुळून येत नाही. गुळात हे तुकडे आधीच असतात, म्हणून गुळाचा दाट पाक सहजासहजी खडे धरत नाही.

आत्या : मग मी काय म्हणून राहिली तेव्हापासून? गूळ घे म्हणून.

साय घालताना गंज फसफसून वर आला. मी मधे बोलले, कारण इथे भाजतं. वितळलेली साखर उकळत्या पाण्याहून कितीतरी जास्त तापलेली असते आणि कातडीला चिकटून बसते. साय कोमट असावी, गंज खोल असावा, सांडशी हाताशी असावी, लहान मुलं ओट्यापासून लांब असावीत. सॉस झाला चांगला. पोळीच्या कुरकुरीत तुकड्यांवर तो सगळ्यांनी खाल्ला, नणंदबाईंनीही खाल्ला. मग त्यांनी पदर खोचला.

आत्या : आता मी दाखवते. एक वाटी गूळ चिरून, दोन वाट्या पाणी. पिवळाधमक गूळ घेऊ नको. तो हायड्रॉसची पावडर मारून पिवळा केलेला असतो. काळसर बघ. विरघळला की गाळून घे, खाली वाळू बसते.

लेक : एक वाटी म्हणजे किती ग्रॅम?

आत्या : एक वाटी म्हणजे एक वाटी.

लेक : कुठली वाटी, आत्या? तुझ्याकडची आमटीची वाटी आणि आईची तुपाची वाटी यांत दुपटीचा फरक आहे.

आत्या : गुळालाही तीच वाटी आणि पाण्यालाही तीच. मग वाटी कुठलीही असू दे.

लेक : आणि गूळ दाबून भरला तर? किसून भरला तर? माझ्या हाताखाली मुलं काम करतात. त्यांना अंदाज शिकवता येत नाही. अंदाज करणारा माणूस सुट्टीवर गेला की चव सुट्टीवर जाते. आणि तुझ्यानंतर उमरखेडची ही गुळवणी कोण करणार? तुझ्या दोन्ही सुनांना येत नाही, तूच परवा म्हणालीस.

हा घाव वर्मी होता. आपल्या पुस्तकांनी हा प्रश्न फार आधी ओळखला होता. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र’ १९१० साली आलं. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं आणि वाटी-चमच्याच्या मापाने घराघरांत गेलं. लग्न होऊन परगावी गेलेल्या मुलीला सांगायला जवळ कुणी नव्हतं, तेव्हा या मापांनी तिला हात दिला. लेकीचं म्हणणं त्याच रांगेतलं आहे, आणि माप लिहिणं म्हणजे हाताचा अपमान असं मानणाऱ्यांशी माझं पटत नाही. लिहिलं नाही म्हणून गेलेल्या चवी मी माझ्याच माहेरात पाहिल्या आहेत.

पण नणंदबाईंचं उत्तर ऐकण्यासारखं होतं.

आत्या : लिही ना, मी कुठे नाही म्हणते? पण काय लिहिशील? हा गूळ या वर्षीचा आहे. पुढच्या पावसाळ्यात हाच गूळ ओला होईल, पाघळेल. मग एका वाटीत गूळ कमी आणि पाणी जास्त. तुझे ग्रॅम तेच आणि गुळवणी पातळ.

लेक : त्यासाठी थर्मामीटर असतो. पाकातलं पाणी उडत जातं तसं त्याचं उकळणं वरच्या अंशावर जातं. शंभरात ऐंशी भाग साखर आणि वीस भाग पाणी उरलं की पाक ११२ च्या आसपास उकळतो. गूळ ओला असो की कोरडा, अंश गाठला की गॅस बंद.

आत्या : ११२ यवतमाळातही आणि मुंबईतही?

लेक : नाही. यवतमाळ समुद्रापासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंच आहे. इथे साधं पाणीच साडेअठ्ठ्याण्णवच्या जवळपास उकळतं. म्हणजे दीड अंश कमी धरायचा.

आत्या : पाहा. आणि गुळात साखरेशिवाय दुसरंही असतं, ते तूच सांगितलंस. मग तुझा ११२ पांढऱ्या साखरेचा झाला, गुळाचा नाही. माझी तार बघ. थेंब बशीत टाकायचा, निवू द्यायचा, दोन बोटांत धरून उघडायचा. तार सुटली की पाक झाला. गूळ ओला असो, जुना असो, यवतमाळ असो की मुंबई. मी पाणी मोजत नाही, गूळ मोजत नाही, मी झालेला पाक मोजते.

लेक गप्प झाली. तिला पटलं होतं म्हणून गप्प झाली, ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. मलाही इथेच या वादाचं मूळ सापडलं. तार बघणं हा अंदाज नव्हे. ते मोजमापच आहे, फक्त ते सुरुवातीच्या सामानाचं नसून शेवटी तयार झालेल्या पदार्थाचं आहे. सामान दर वेळी बदलतं तिथे हेच माप जास्त भरवशाचं. साखर सगळीकडे सारखी, तिला वजन आणि अंश पुरतात. गूळ भट्टीगणिक, हंगामागणिक वेगळा, त्याला तारच लागते. आपल्या बायकांनी जुन्या काळी वजनकाटा नव्हता म्हणून बोटं वापरली असं सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. त्यांच्या हातात आलेला जिन्नसच असा होता की काट्याने काम भागलं नसतं.

तेव्हा वहीत दोन्ही गोष्टी जायला हव्यात यावर मी अडून बसले. सुरुवातीचं प्रमाण वाटीत, आणि थांबायची खूण तारेत. पोळीवर ओतायचा दाट पाक हवा असेल तर जेमतेम एक तार, आणि निवल्यावर तो आणखी दाट होतो हे धरून जरा आधीच गॅस बंद. कुस्करायची गुळवणी हवी असेल तर तार येऊच द्यायची नाही. पाच-सात मिनिटं उकळायची आणि चमचाभर भाजलेल्या कणकेने दाट करायची.

मग दुधावरून निघालं. नणंदबाईंच्या सासरी गुळवणीत शेवटी दूध घालतात.

लेक : गरम गुळवणीत गरम दूध घातलं की फाटतं. गूळ थोडा आंबट असतो, जुना झाला की आणखी. उष्णता आणि आंबटपणा एकत्र आले की दूध टिकत नाही.

आत्या : आम्ही थंड करूनच घालतो. सासूबाई सांगायच्या, दोन्ही निवू दे. काहून ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

लेक : आता कारण कळलं की तुझ्या सुनेला घाईच्या दिवशीही लक्षात राहील. नुसता नियम असला की घाईत तोच आधी मोडतो.

इथे लेक जिंकली. कारण माहीत असलं की माणूस नियमाच्या पलीकडेही जाऊ शकतो. दुधाऐवजी नारळाचं दूध घालून बघ, ते तसं फाटत नाही, असं तिने लगेच सुचवलं. नणंदबाईंनी मान हलवली. उमरखेडात ओला नारळ रोजचा नाही. तिथे सुकं खोबरं.

बोलता बोलता त्या साखरेच्या काळावर गेल्या. त्यांच्या लहानपणी साखर रेशनच्या दुकानात मोजून मिळायची आणि पाहुण्याच्या चहासाठी डब्यात बंद असायची. पुढे इसापूर धरणाचं पाणी फिरलं, कापूस-ज्वारीच्या मुलखात ऊस आला. पोफाळीच्या वसंत साखर कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या गाड्या त्यांच्या गावावरून जायच्या. साखर दारात आली तशी घरातली गुळवणी मागे पडली, असं त्यांचं म्हणणं. सुनेला साखरेचा पाक येतो, गुळाचा येत नाही, याचं कारण त्या सुनेत शोधत नाहीत, हे मला फार आवडलं.

आणि मग तिसराच पाक निघाला. यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर असताना नणंदबाईंची लग्नानंतरची पहिली वर्षं झरी-जामणीकडे, कोलाम आदिवासींच्या एका पोडाजवळ, म्हणजे वस्तीजवळ, गेली.

आत्या : तिथे गूळही महाग होता आणि साखरही. चैत्रात पहाटे मोहाखाली फुलं पडायची. बाया-पोरं उन्हं चढायच्या आत वेचायची, अंगणात वाळवायची. भाजून खायची, उकडून खायची, पिठात मळायची. शेजारच्या बाईने मला पाक शिकवला. दोन वाट्या वाळलेली फुलं झटकून, आतले केसर काढून, दोन-तीन पाण्यांनी धुवायची. बुडून वर दोन बोटं राहील एवढं पाणी घालून भिजवायची, मग मऊ होईपर्यंत उकळायची, कुस्करायची, फडक्यातून पिळायची. जे निघेल ते मंद आचेवर आटवायचं. साखर नाही, गूळ नाही, काही नाही.

लेक : वाळलेल्या मोहफुलात निम्म्याच्या आसपास साखरच असते. म्हणजे तो पाकच आहे, फक्त झाडाने केलेला. वास कसा असतो?

आत्या : मनुकांसारखा. थोडा धुरकट. भाकरीला लावला तर दुसरं काही नको. पण पातळ ठेवला तर दोन दिवसांत आंबतो. दाट आटवायचा, तार येईपर्यंत, आणि कोरड्या बाटलीत भरायचा.

लेक : आत्या, हे पुण्यात ठेवलं तर लोक रांग लावतील. आइस्क्रीमवर, केकवर. मधाच्या भावाने जाईल.

आत्या : आणि म्हणशील मोहाचा शोध तू लावला.

लेक : नाही म्हणणार. पण मोह म्हटला की लोकांना दारूच आठवते. हे बदलायला हे बाजारात यायला नको का? तू घरात ठेवलास, तुझ्याबरोबर संपेल.

दोघींचंही मला पटतं, पण सारखं नाही. मोहफुलाला दारूबंदीच्या कायद्याने वर्षानुवर्षं संशयित ठरवलं होतं. फुलं साठवणं, नेणं-आणणं यांवर बंधनं होती. राज्य सरकारने ती २०२१ साली उठवली. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर जंगलात राहणाऱ्यांचा मालकी हक्क मान्य केला. म्हणजे कागदावर वाट मोकळी आहे. पोडावरचं अन्न संशयातून सुटावं, त्याला मान मिळावा, ही लेकीची तळमळ खरी आहे. पण फूल वेचणाऱ्या बाईच्या पदरात काय पडतं यावर त्या मानाची खरी पारख होईल. बेकरीच्या फळ्यावर पोडाचं नाव लिहिल्याने ती होत नाही.

आत्या : तिथल्या बाया चैत्रात फुलं विकतात, कारण तेव्हा हातात पैसा नसतो. तीच फुलं पावसाळ्यात जास्त भावाने विकत घेतात. मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तू गेलीस की व्यापाऱ्याकडून घेशील, कारण तो पोतं दारात आणून देतो.

लेक : सरळ पोडावरून घेतलं तर?

आत्या : तर चैत्रात स्वतः जा. आधी त्यांच्या घरापुरती फुलं त्यांना ठेवू दे, वरची घे. काटा तुझा ने, पण वजन त्यांच्यासमोर कर. आणि पाक तिथेच करता आला तर त्यांच्याकडूनच करून घे. मग फुलाचे पैसे नाही, पाकाचे पैसे मिळतील त्यांना.

लेक : पोडावर आटवायचा म्हणजे दर चुलीवर वेगळा होणार. एक बाटली दाट, एक पातळ. मला प्रत्येक बाटली सारखी लागते.

आत्या : तार त्यांनाच येते, बाई. मला त्यांनीच शिकवली.

लेक : ती दाट पाकाची तार. मला ओतता येईल असा हवा.

आत्या : मग आणखी जरा आधी उतरवायला सांग. पण समोर बसून सांग, चिठ्ठी पाठवून नको.

लेकीने थर्मामीटर पुसून डब्यात ठेवला आणि चैत्र नेमका कोणत्या तारखेला लागतो ते विचारलं. नणंदबाई म्हणाल्या, तारखेचं काही नाही, झाडाखाली फुलं पडू लागली की तिथून फोन येईल. त्यावर पुण्यात सुट्टी महिनाभर आधी मागावी लागते, अशा फोनवर कशी मिळेल, यावरून दोघींचं नव्याने सुरू झालं.